उष्ण हवामानात टोमॅटोची फुले का गळतात आणि चवदार फळ कसे मिळवावे?

प्रश्न

नमस्कार. गच्चीवर मोठ्या कुंड्यांमध्ये टोमॅटो लावले आहेत. झाडे छातीइतकी उंच झाली आहेत, पाने गडद हिरवी आणि जाड आहेत, फुलांचे घोसही भरपूर येतात. परंतु फूल उमलल्यानंतर दोन-तीन दिवसांत त्याच्या देठावरचे गाठीसारखे छोटे पेर पिवळे पडते आणि नेमके तेथूनच फूल निखळून पडते. सध्या दुपारचे तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि रात्री ते २७ अंशांच्या खाली उतरत नाही. ऊन तापण्यापूर्वी जी थोडी फळे धरली होती ती आता पिकू लागली आहेत, मात्र ती लाल होण्याऐवजी पिवळसर नारिंगी राहतात आणि देठाभोवतीचा भाग कापताना कडक लागतो. पाणी रोज सकाळी देते, शेणखत आणि पेंड नियमित घालते, पानांवर किडीचे काही चिन्ह नाही.

दुसरी अडचण विकतच्या टोमॅटोची आहे. बाहेरून लालभडक दिसणारे फळ कापले की आत पांढरा, निबर गाभा निघतो, रस जवळजवळ नसतोच आणि चव पाणचट लागते. घरी चांगले पीक येईपर्यंत निदान विकत घेताना चांगले फळ कसे ओळखावे, आणि ते घरी कसे ठेवावे, हेही जाणून घ्यायचे आहे. फुले टिकवण्यासाठी संप्रेरकांची फवारणी करावी असे मला सुचवण्यात आले आहे, पण शक्य असेल तर मला तो मार्ग टाळायचा आहे.

प्रतिसाद १

तुमच्या वर्णनात सर्वांत महत्त्वाचा आकडा ३८ नाही, २७ आहे. टोमॅटो हे मूळचे दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातले झाड आहे; त्याचे रानटी भाऊबंद अँडीज पर्वताच्या परिसरात वाढतात, जेथे दिवसा ऊन असले तरी रात्री गारवा असतो. दिवसा २१ ते २७ अंश आणि रात्री १५ ते २० अंश ही त्याची सुखाची मर्यादा आहे. दुपारी काही तास पारा ३५ पर्यंत चढला आणि रात्र थंड झाली, तर बऱ्याच जाती थोडीफार फळे धरतात; रात्रीच्या तापमानाने मात्र २४ अंशांची पातळी सतत ओलांडली की फळधारणा झपाट्याने घटते, कारण रात्रभर श्वसन वेगाने चालू राहते आणि दिवसा तयार झालेली साखर फुलांपर्यंत पोहोचण्याआधीच खर्च होते.

उष्णतेचा घाव बसतो तो मुख्यतः परागकणांवर, आणि तोही फूल उमलण्याच्या बराच आधी. कळीच्या आत परागकण घडत असतात तो काळ, म्हणजे उमलण्यापूर्वीचे साधारण ८ ते १३ दिवस, सर्वांत नाजूक असतो. त्या दिवसांत उष्णतेची लाट येऊन गेली असेल तर आज हवा कितीही सुखद असली तरी आजचे फूल वांझच निघते. म्हणून रात्री थंड होऊ लागल्यानंतरही दीड-दोन आठवडे फुले गळतच राहिली, तर धीर सोडून झाड उपटू नये.

एक साधी तपासणी अवश्य करून पाहा. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पूर्ण उमललेले एक फूल काळ्या गुळगुळीत कागदावर धरून त्याच्या देठावर नखाने टिचक्या मारा. निरोगी फुलातून फिकट पिवळी, पिठासारखी भुकटी पडते. काहीच पडले नाही, किंवा ओलसर गुठळ्या पडल्या, तर परागकण तयार झालेले नाहीत किंवा दमटपणामुळे चिकटून बसले आहेत. त्यानंतर फुलाच्या मधल्या पिवळ्या शंकूकडे बारकाईने पाहा. टोमॅटोचे परागकोष एकमेकांना चिकटून हा शंकू बनतो आणि स्त्रीकेसराचे टोक, म्हणजे कुक्षी, सामान्यतः त्याच्या आतच असते, त्यामुळे फूल स्वतःच्याच परागाने फळते. तीव्र उष्णतेत स्त्रीकेसर लांबतो आणि त्याचे हिरवे टोक शंकूच्या बाहेर येते; मग पराग चांगला असला तरी त्यावर पडत नाही. तुमच्या झाडावर या दोन्हींपैकी काय घडते आहे हे कळले की उपाय निवडणे सोपे जाईल.

फळांच्या रंगाचे कारणही उष्णताच आहे. लाल रंग देणारे लायकोपीन साधारण ३० अंशांच्या वर नीट तयार होत नाही, तर पिवळे-नारिंगी बीटा कॅरोटीन तयार होत राहते. त्यातही थेट उन्हात असलेल्या फळाचा पृष्ठभाग हवेपेक्षा १० अंश किंवा त्याहूनही अधिक तापू शकतो. म्हणून नारिंगी राहिलेले फळ आजारी आहे असे समजू नका. ते चुकीच्या जागी पिकते आहे, इतकेच. फळाच्या बुडाशी रंग फुटू लागताच, म्हणजे हिरव्यावर पहिली पिवळसर-गुलाबी झाक दिसताच, ते देठासह खुडा आणि घरातील सर्वांत गार, सावलीच्या जागी ठेवा. झाडाने त्या वेळेपर्यंत बहुतांश साखर फळात भरलेली असते. २० ते २५ अंशांत ते व्यवस्थित लाल होते आणि उन्हात नारिंगी झालेल्या फळापेक्षा निश्चितच चवदार लागते.

संप्रेरकांबद्दल तुमचा निर्णय मला योग्य वाटतो. ती फवारून फळ धरले तरी त्यात बऱ्याचदा बिया नसतात, आतले कप्पे पोकळ राहतात आणि ज्या रसासाठी आपण टोमॅटो खातो तोच कमी पडतो.

प्रतिसाद २

वरील कारणमीमांसेशी मी सहमत आहे. कुंडीतल्या झाडासाठी प्रत्यक्ष काय करता येईल तेवढे लिहितो.

सर्वांत आधी मुळांकडे लक्ष द्यावे. गच्चीवर ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची पश्चिमेकडील बाजू दुपारी हाताला चटका बसण्याइतकी तापते आणि त्या बाजूची कोवळी मुळे अक्षरशः भाजतात. कुंड्या एकमेकींना लागून ठेवाव्यात, बाहेरच्या रांगेला गोणपाट गुंडाळावे किंवा कुंडीला चुन्याचा पांढरा हात द्यावा, आणि खाली विटा किंवा लाकडी पट्ट्या ठेवून ती तापलेल्या फरशीपासून उचलावी. उंच वाढणाऱ्या जातीला २० लिटरपेक्षा लहान कुंडी उन्हाळ्यात पुरत नाही. मातीवर वाळलेला पालापाचोळा किंवा भुसा ५ ते ८ सेंटीमीटर जाडीचा पसरावा. खोडाला मात्र तो चिकटू देऊ नये.

पाण्याच्या बाबतीत वेळापत्रकापेक्षा माती महत्त्वाची आहे. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालावे. तेथे वाफसा, म्हणजे हलका ओलावा, असेल तर थांबावे, कोरडे लागले तर कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे. कडक उन्हात मोठ्या झाडाला सकाळ-संध्याकाळ पाणी लागू शकते. दुपारी पाने मलूल झाली म्हणून लगेच पाणी घालण्याची गरज नसते, कारण त्या वेळी मुळे पुरवू शकतील त्यापेक्षा जास्त पाणी पानांतून उडत असते. सूर्य कलल्यावर पाने पुन्हा ताठ झाली तर झाड ठीक आहे, संध्याकाळीही मान टाकलेली असेल तर ती खरी तहान आहे. एक दिवस कोरडे आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब, असा खेळ झाला की फळे तडकतात आणि त्यांच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो. तो डाग कॅल्शियमच्या कमतरतेचा असतो, पण बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतेच. ते पाण्याबरोबर वाहते, पाने जास्त पाणी ओढतात आणि फळाच्या टोकापर्यंत ते पोहोचत नाही. पानांवर कॅल्शियम फवारून फारसा उपयोग होत नाही. ओलावा एकसारखा राखणे हाच खरा इलाज आहे.

तुमची पाने गडद आणि जाड आहेत हे वाचून मला नत्र जास्त झाल्याची शंका येते. पेंड आता काही आठवडे बंद ठेवावी. फुलोऱ्यानंतर झाडाला पालाश अधिक लागते, आणि पालाश कमी पडले व हवा तापली की तुम्ही वर्णन केलेला देठाजवळचा कडक भाग आणि आतला पांढरा गाभा हे दोन्ही दोष वाढतात.

सावलीसाठी ३० ते ३५ टक्के सावली देणारे शेडनेट पुरेसे आहे. ते झाडाच्या शेंड्यापासून निदान हातभर वर आणि बाजूंनी मोकळे असावे, म्हणजे गरम हवा अडकत नाही. दाट जाळीखाली झाड हिरवेगार दिसते, परंतु उंच आणि किडकिडीत होते व फुले कमी येतात. सकाळचे ऊन पूर्ण मिळावे आणि दुपारी दोननंतरचे अडावे अशी मांडणी जमली तर जाळीचीही गरज पडत नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिप्रश्न

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज सकाळी काळ्या कागदावर फुले टिचकावून पाहिली. गच्चीच्या मधोमध असलेल्या झाडांच्या फुलांतून काहीच पडले नाही आणि बहुतेकांचे हिरवे टोक शंकूबाहेर स्पष्ट दिसत होते. पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंतीलगतच्या दोन कुंड्यांना मात्र दुपारनंतर सावली असते; त्यांच्या फुलांतून थोडी भुकटी पडली, तरीही फळ धरलेले नाही. आता विचारायचे असे की या भिंतीलगतच्या झाडांना हाताने परागीभवन करून उपयोग होईल का, आणि मधल्या झाडांचे काय करावे? ती छाटून पुढच्या हंगामासाठी राखता येतील, की काढून टाकावीत?

प्रतिसाद ३

भिंतीलगतच्या झाडांना हाताने मदत अवश्य करा. टोमॅटोचा पराग परागकोषाच्या आतल्या चिरेतून बाहेर पडतो आणि त्यासाठी फुलाला कंप मिळावा लागतो. निसर्गात काही जातींच्या मधमाश्या फुलाला धरून अंगाचा कंप करतात आणि पराग खाली पाडतात. आपल्या परिचयाची पाळीव मधमाशी हे काम करत नाही. वारा असेल तर तोही पुरतो, पण भिंतीच्या आडोशाला तो कमी पडतो. विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश घोसाच्या देठाला मागच्या बाजूने दोन-तीन सेकंद टेकवावा. तो नसेल तर आधाराच्या काठीवर हलके टकटक करावे. सकाळी दव सुकल्यानंतर आणि ऊन चढण्यापूर्वी हे करावे. फार दमट हवेत पराग चिकटून राहतो आणि फार कोरड्या हवेत तो कुक्षीवर टिकत नाही, त्यामुळे दिवसातला तो मधला काळ गाठणे महत्त्वाचे असते. मधल्या झाडांवर हा प्रयोग करून वेळ घालवू नये, कारण जेथे परागच नाही तेथे कंप देऊन काही निष्पन्न होणार नाही.

छाटणीचा निर्णय जातीवर अवलंबून आहे. झाड छातीइतके उंच होऊनही शेंड्याला नवी फूट येत असेल तर ती सतत वाढणारी जात आहे, आणि अशी झाडे जमिनीपासून ३० ते ४५ सेंटीमीटर अंतरावर, एखाद्या निरोगी बगलफुटीच्या, म्हणजे पानाच्या बगलेतून निघालेल्या फुटीच्या, वर छाटली तर उन्हाळा सरताना नव्याने फुटतात. ठरावीक उंचीवर थांबून एकदम फळे देणारी झुडपी जात असेल तर तिचा खोडवा, म्हणजे छाटून पुन्हा फुटू दिलेले झाड, राखण्यात अर्थ नाही. माझे स्वतःचे मत असे आहे की जुन्या झाडाला संपूर्ण उन्हाळा पाणी देत बसण्यापेक्षा त्याच्या बगलफुटी रुजवणे जास्त फायद्याचे ठरते. वीतभर लांबीची, फूल नसलेली फूट काढून तिची खालची पाने खुडावीत आणि ओल्या मातीत सावलीत लावावी. एक-दोन आठवड्यांत मुळे फुटतात आणि बियांपासून केलेल्या रोपापेक्षा ती लवकर फुलते. अट एकच, मूळ झाड पूर्णपणे निरोगी असावे. पाने वर वळलेली, कडा पिवळ्या आणि शेंडा आखडलेला दिसला तर तो पांढऱ्या माशीमुळे पसरणारा विषाणू असू शकतो. त्या झाडाची फूट घेऊ नये आणि ते झाडही ठेवू नये. उष्ण भागात हा विषाणू उष्णतेइतकेच नुकसान करतो, म्हणून रोपे लहान असताना ती बारीक जाळीखाली वाढवणे आवश्यक आहे.

पुढच्या वेळी जात निवडताना फळाच्या आकाराचा मोह आवरावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. मोठ्या, मांसल, पाव किलोच्या फळांच्या जाती उष्णतेत सर्वांत आधी हार मानतात. द्राक्षाएवढ्या किंवा लिंबाएवढ्या फळांच्या जाती बऱ्याच जास्त तापमानातही फळे धरतात आणि त्यांत साखरेचे प्रमाणही अधिक असते. मध्यम आकाराचे फळ हवेच असेल तर उष्णता सोसण्यासाठी मुद्दाम विकसित केलेल्या ‘सोलर फायर’ किंवा ‘हीटमास्टर’ यांसारख्या जाती पाहाव्यात. पाकिटावरील ‘उष्णता सहनशील’ या शब्दांचा अर्थ मात्र काही अंश अधिक सवलत एवढाच घ्यावा, कारण २७ अंशांच्या रात्री त्यांनाही जड जातात. जमिनीत लावायचे असेल आणि मर रोगाचा किंवा पाणी साचण्याचा त्रास असेल, तर वांग्याच्या खुंटावर कलम केलेली टोमॅटोची रोपे उपयोगी पडतात. वर्ल्ड व्हेजिटेबल सेंटर ही संस्था उष्ण आणि ओल्या हंगामासाठी हीच पद्धत सुचवत आली आहे.

प्रतिसाद ४

विकत घेण्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून मी लिहिते.

लांबच्या प्रवासासाठी टोमॅटो बहुधा हिरवे असतानाच तोडले जातात आणि नंतर इथिलीन वायूच्या साहाय्याने पिकवले जातात. ही पद्धत मुळात वाईट नाही, कारण टोमॅटो स्वतःही पिकताना इथिलीनच सोडतो. प्रश्न तोडणीच्या वेळी फळ निबर, म्हणजे पूर्ण वाढलेले, होते की कोवळे होते याचा आहे, आणि हिरव्या फळात ते बाहेरून ओळखणे तज्ज्ञालाही कठीण जाते. निबर हिरवे फळ धारदार सुरीने आडवे कापले तर आत बियांभोवती बुळबुळीत गर तयार झालेला दिसतो आणि बिया सुरीखालून निसटतात. कोवळ्या फळात तो गर नसतो आणि बिया सुरीने चिरल्या जातात. असे कोवळे फळ तोडले गेले तर वायूने त्याला लाल रंग येतो, पण गर आणि चव कधीच येत नाही. तुमच्या लालभडक, आतून पांढऱ्या टोमॅटोंपैकी बरेचसे याच प्रकारातले असावेत. चवीच्या दृष्टीने हा गर फार मोलाचा असतो. फळातील आंबटपणा, तसेच रश्श्यासारखी भरीव चव देणारे ग्लुटामेट हे द्रव्य, बाहेरच्या भिंतीपेक्षा त्याच भागात जास्त असते, म्हणून गर काढून टाकण्याची सवय सोडावी.

फळ निवडताना रंग शेवटी पाहावा. आधी ते तळहातावर घ्यावे. सारख्या आकाराच्या दोन फळांपैकी जड लागते ते घ्यावे, कारण हलके फळ आतून पोकळ असण्याची शक्यता असते. अंगठ्याने अलगद दाबल्यावर ते किंचित दबून परत वर यावे. हिरव्या देठाचा वास घेऊन फळाची पारख करू नये. तो सुंदर वास देठावरच्या आणि पानांवरच्या बारीक लवेचा असतो आणि बेचव फळाच्या देठालाही तो येतो. फळाच्या बुडाशी नाक नेल्यावर गोडसर वास आला तरच तो फळाचा समजावा. अगदी एकसारखा रंग हाही गुण मानू नये. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले की कच्चे फळ सर्वत्र एकसारखे फिकट हिरवे दिसावे म्हणून जो गुणधर्म अनेक दशके निवडला गेला, त्यामुळे फळातील हरितद्रव्याला चालना देणारे एक जनुक निकामी झाले होते आणि अशा फळांत साखर कमी तयार होत होती. खांद्याला गडद हिरवट छटा असलेले कच्चे फळ म्हणूनच मी बाजूला सारत नाही.

हवा अतिशय तापलेली असेल तेव्हा मी मोठे टोमॅटो कच्चे खाण्यासाठी घेतच नाही. लहान, द्राक्षाएवढे टोमॅटो त्या काळातही बहुधा चांगले निघतात. शिजवण्यासाठी डबाबंद टोमॅटो वापरण्यात कमीपणा मानू नये, कारण प्रक्रियेसाठीची फळे शेतात लाल होईपर्यंत ठेवून मगच तोडली जातात.

घरी आणल्यावर अर्धे पिकलेले फळ फ्रिजमध्ये मुळीच ठेवू नये. १२ अंशांच्या खाली पिकण्याची प्रक्रिया बिघडते आणि सुगंध कमी होतो. २०१६ च्या एका अभ्यासात पिकलेली फळे ५ अंशांत ७ दिवस ठेवली असता साखर आणि आम्ल जवळजवळ तसेच राहिले, पण सुगंधी द्रव्ये लक्षणीय प्रमाणात घटली, आणि फळे बाहेर काढून एक दिवस ठेवल्यावरही ती पूर्ववत झाली नाहीत. तथापि घरातच ३५ अंश तापमान असेल तर पूर्ण पिकलेला टोमॅटो बाहेर दोन दिवसांत सडतो, आणि तेव्हा फ्रिजच्या सर्वांत कमी गार कप्प्यात दोन-तीन दिवस ठेवून खाण्याआधी तासभर बाहेर काढणे हेच शहाणपणाचे आहे. बाहेर ठेवताना देठाची बाजू खाली करून एका थरात मांडावेत. फळातले पाणी मुख्यतः देठाच्या खुणेतून उडते, आणि ती खूण झाकली गेली की फळ सुरकुतत नाही.

प्रतिसाद १ कडून पुन्हा

मधल्या झाडांबाबत प्रतिसाद ३ मधील सल्ल्याला माझा दुजोरा आहे. त्यात लागवडीच्या वेळेची भर घालतो, कारण सावली, आच्छादन आणि जात यांच्या जोरावर काही अंशांचीच सूट मिळते. आपल्या भागातील रात्रीचे किमान तापमान वर्षातून कोणत्या आठवड्यात २२ अंशांच्या खाली उतरते आणि कोणत्या आठवड्यात पुन्हा वर जाते, हे मागील दोन-तीन वर्षांच्या नोंदींवरून पाहून ठेवावे. फुलोरा त्या दोन तारखांच्या मध्ये बसला पाहिजे. बी पेरल्यापासून रोप लावण्यायोग्य होण्यास ४ ते ५ आठवडे लागतात, लावणीनंतर पहिली फुले येण्यास साधारण आणखी महिनाभर जातो, आणि फुलापासून पिकलेले फळ हाती येण्यास ६ ते ८ आठवडे लागतात. त्यामुळे पहिल्या थंड रात्रीची वाट पाहून बी पेरले तर निम्मा हंगाम हातचा जातो. बी त्या आधी दोन महिने, भर उकाड्यात, सावलीत आणि बारीक जाळीखाली पेरले गेले पाहिजे. २५ ते ३० अंशांच्या मातीत ते आठवड्याभरात उगवते. तुम्ही आता बगलफुटी रुजवणार असाल तर हेच गणित थोडे कमी करून धरा: पहिल्या थंड रात्रीच्या सुमारे सहा आठवडे आधी फुटी लावा, आणि त्या आधी आलेल्या कळ्या खुडून टाका, म्हणजे झाडाचा जोर मुळांकडे जाईल.